टॉवेलचं डिझाइन, रंगाची रेसिपी आणि गोपनीयता करार: सही करण्याआधी काय बघावं

प्रश्न थोडक्यात असा आहे. सोलापूरच्या अक्कलकोट रोड एमआयडीसीत टेरी टॉवेलचा लहान कारखाना आहे. मुंबईच्या एका निर्यातदाराने डिझाइन पाठवण्याआधी आठ पानांचा इंग्रजी गोपनीयता करार सहीसाठी पाठवला आहे. सही करावी का, त्यात काय बघावं, आणि असाच करार आपल्या डिझायनरकडून व जॉबवर्कवाल्यांकडून (म्हणजे आपलं काही काम बाहेर करून देणाऱ्यांकडून) करून घेतला तर तो कोर्टात टिकतो का?

सही करायला हरकत नाही, पण मसुदा आहे तसा सही करू नका. सोलापुरात माल ज्या पद्धतीने तयार होतो, ती पद्धत मुंबईत किंवा परदेशात मसुदा लिहिणाऱ्याला सहसा माहीत नसते. त्यामुळे सही केली त्याच आठवड्यात आपण करार मोडलेला असतो आणि आपल्याला त्याचा पत्ताही नसतो. ते कसं, हे पुढे येईल. आधी कायद्याची बाजू बघू.

भारतात व्यापारी गुपितांसाठी वेगळा कायदा अजून नाही. 22 व्या विधी आयोगाने मार्च 2024 मध्ये 289 वा अहवाल देऊन अशा कायद्याचा मसुदा सुचवला. तोवर आधार आहे तो 1872 च्या करार कायद्याचा, मनाई हुकमासाठी 1963 च्या विशिष्ट अनुतोष कायद्याचा, आणि विश्वासाने दिलेल्या माहितीचा गैरवापर करू नये या न्यायालयांनी मान्य केलेल्या तत्त्वाचा. वाद कोर्टात गेला की मुख्यतः तीन गोष्टी तपासल्या जातात: माहिती खरोखर गुप्त होती का, ती गुप्त ठेवायची आहे हे समोरच्याला माहीत असताना त्याला दिली गेली का, आणि त्याने ती परवानगीशिवाय वापरली किंवा दुसऱ्याला दिली का. यातली पहिली पायरीच बऱ्याच दाव्यांत घसरते. करारावर सही असते, स्टँप असतो, पण 'गुप्त माहिती म्हणजे नक्की कोणती?' असं न्यायाधीशांनी विचारलं की बोट ठेवायला कागद नसतो.

त्यामुळे सगळ्यात आधी व्याख्येचं कलम वाचा. आयत्या मसुद्यात ते साधारण असं असतं: 'गोपनीय माहिती म्हणजे एका पक्षाने दुसऱ्याला तोंडी, लेखी किंवा अन्य कोणत्याही प्रकारे दिलेली सर्व व्यावसायिक, तांत्रिक व आर्थिक माहिती.' सगळंच गुप्त म्हटलं की नेमकं काय गुप्त होतं हे सिद्ध करणं अवघड जातं. माहिती घेणाऱ्यालाही धोका आहेच, कारण उद्या कशावरही हक्क सांगता येतो. तेच कलम टॉवेलच्या धंद्यासाठी असं लिहावं: 'गोपनीय माहिती म्हणजे परिशिष्ट अ मध्ये क्रमांकाने नोंदवलेल्या जॅकार्ड (मागावर नक्षी विणणारी यंत्रणा) डिझाइन फाइल्स; परिशिष्टातील शेड क्रमांकांच्या लॅब डिप (रंगाचा छोटा चाचणी नमुना) व रंगाईच्या रेसिपी, म्हणजे रंगाची टक्केवारी, मीठ व सोड्याचे प्रमाण, तापमान व वेळ; कॉस्टिंग शीट; आणि ज्या ईमेलच्या विषयात किंवा कागदावर गोपनीय असे लिहिले आहे ती माहिती. तोंडी दिलेली माहिती 15 दिवसांत ईमेलने लेखी कळवल्यास ती याच व्याख्येत येईल.' चार ओळी वाढल्या, पण दोघांनाही आपण कशाने बांधले गेलो ते कळलं.

परिशिष्ट एकदा जोडून भागत नाही. प्रत्येक वेळी काही दिलं की नोंद करा. साधी वही चालते, एक्सेलची शीट चालते. एक नोंद अशी दिसते: तारीख, फाइलचं नाव व आवृत्ती, कोणी दिली, कोणाला दिली, कशातून दिली (ईमेल, पेन ड्राइव्ह, प्रत्यक्ष नमुना), कशासाठी दिली, परत आली का. समोरच्याची सही किंवा 'मिळाले' असा उलट ईमेल त्या नोंदीला जोडून ठेवा. करार एक दिवसाचा असतो, ही वही दोन-तीन वर्षांची असते, आणि दाव्यात जास्त वजन तिलाच येतं.

आता काय गुप्त राहू शकतं आणि काय नाही, याबद्दल. टॉवेल एकदा बाजारात आला की तो कोणीही विकत घेऊन उसवू शकतो. जीएसएम कटरने गोल तुकडा कापून दर चौरस मीटरचं वजन काढता येतं, पिक (आडवे धागे) मोजता येतात, पाइलची (वर आलेल्या फासांची) उंची मापता येते, बॉर्डर बघून डिझाइन पुन्हा काढता येतं. बाजारातला नमुना उघडून त्यातली रचना समजून घेणाऱ्याला गोपनीयता करार अडवू शकत नाही, कारण त्याचा आपल्याशी करारच नाही. मालात उघड न दिसणाऱ्या गोष्टी मात्र नंतरही गुप्त राहतात: रंगाईची नेमकी रेसिपी, सूत कोणाकडून कोणत्या भावाने घेतलं, कॉस्टिंग, ग्राहकांची यादी व त्यांचे दर. शेंगा चटणी बनवणाऱ्यांनाही हेच लागू पडतं. पाकिटावर घटक वजनाच्या उतरत्या क्रमाने छापावेच लागतात, पण प्रमाण आणि भाजण्याची पद्धत छापावी लागत नाही. तेवढंच जपता येतं, म्हणून तेवढंच करारात नेमकेपणाने लिहावं.

जे डोळ्यांना दिसतं, म्हणजे टॉवेलचं किंवा चादरीचं डिझाइन, त्याला 2000 च्या डिझाइन कायद्याखालची नोंदणी हवी, आणि तीही डिझाइन जाहीर होण्याआधी. इथे कापडवाल्यांसाठी एक खास तरतूद आहे, ती फार कमी जणांना माहीत असते. त्या कायद्याच्या कलम 16 नुसार, नोंदणी करायच्या नव्या कापड-डिझाइनच्या मालाची पहिली गोपनीय ऑर्डर स्वीकारली, तर तेवढ्याने डिझाइन 'प्रकाशित' झालं असं धरलं जात नाही. विश्वासाने दाखवलेलं डिझाइन समोरच्याने विश्वास मोडून उघड केलं, तरीही तेच. पण ऑर्डर गोपनीय होती हे दाखवणार कशावर? म्हणून नमुना दाखवायच्या आधी करार व्हावा, आणि पर्चेस ऑर्डरवरही 'गोपनीय ऑर्डर, करार दिनांक अमुक' अशी ओळ यावी. उलट प्रदर्शनात टॉवेल टांगला किंवा व्हॉट्सॲप स्टेटसला फोटो टाकला, तर कलम 16 चा आधार धरता येत नाही. (प्रदर्शनासाठी कलम 21 मध्ये वेगळी सवलत आहे, पण ती केंद्र सरकारने अधिसूचित केलेल्या प्रदर्शनांपुरतीच. त्यासाठी डिझाइन नोंदणीच्या नियंत्रकांना आधी कळवावं लागतं आणि सहा महिन्यांत अर्ज करावा लागतो.) आमचं चित्र आहे म्हणजे कॉपीराइट आहेच, यावरही विसंबू नका. नोंदणीयोग्य डिझाइन नोंदवलं नाही आणि त्याच्या 50 हून अधिक प्रती यंत्राने निघाल्या, की कॉपीराइट कायद्याच्या कलम 15(2) मुळे तो हक्क संपतो. 50 टॉवेल एका पाळीतच निघतात.

आता तुमच्या हातातला आठ पानी मसुदा. सही करताच मोडतो म्हटलं ते कलम म्हणजे 'ही माहिती कोणत्याही त्रयस्थ व्यक्तीला देणार नाही.' तुमच्या कारखान्यात सगळं एका छताखाली होतं का? बहुतेकांचं होत नाही. सूत रंगायला डाईंगवाल्याकडे जातं, बीम (ताण्याचं सूत गुंडाळलेला रूळ) सायझिंगला, म्हणजे खळ द्यायला जातो, ऑर्डर मोठी असेल तर निम्मे टॉवेल दुसऱ्याच्या मागावर विणून घेतले जातात, कडा शिवायला बाहेर जातात, नमुना टेस्टिंग लॅबला जातो. शेड कार्ड (रंगछटांचे नमुने) डाईंगवाल्याच्या हातात दिलं त्या क्षणी तुम्ही करार मोडलात. म्हणून हे कलम असं बदलून घ्या: 'ऑर्डर पूर्ण करण्यासाठी आवश्यक असलेले जॉबवर्कर, कर्मचारी, टेस्टिंग लॅब, सीए, वकील व बँक यांना, आवश्यक तेवढीच माहिती देता येईल, जॉबवर्करकडून आधी अशाच अटींचा लेखी करार घेतला जाईल.' यावर समोरचा तुमच्या जॉबवर्करची नावं मागेल. ती देऊ नका, किंवा दिलीत तर तीही तुमची गोपनीय माहिती म्हणून परिशिष्टात टाका. निर्यातदाराला तुमचा डाईंगवाला आणि त्याचा दर कळला की पुढच्या हंगामात तुमची गरज किती उरते, याचा विचार करा.

याच कारणासाठी करार दोन्ही बाजूंनी बांधणारा हवा. आलेले बहुतेक मसुदे एकतर्फी असतात: माहिती देणारा तो, बांधलेले तुम्ही. प्रत्यक्षात तुम्हीही कॉस्टिंग देता, स्वतःची विणकामाची युक्ती देता, जुने नमुने दाखवता. 'देणारा पक्ष' आणि 'घेणारा पक्ष' हे शब्द दोघांना लागू होतील अशी मांडणी मागा. यात समोरच्याचं काही जात नाही, आणि तो नकार देत असेल तर तोही एक इशारा समजा.

अपवादाच्या कलमात निदान पाच गोष्टी असाव्यात: आधीपासून ठाऊक असलेली माहिती, सर्वांना उपलब्ध असलेली, दुसऱ्याकडून रीतसर मिळालेली, स्वतः स्वतंत्रपणे तयार केलेली, आणि कायद्याने किंवा सरकारी यंत्रणेने मागितलेली. पहिला अपवाद सोलापुरात सर्वांत मोलाचा आहे. इथल्या कारखान्यांत कपाटं भरून जुनी डिझाइनं पडलेली असतात. खरेदीदार चौकटीची एखादी बॉर्डर 'आमचं डिझाइन' म्हणून पाठवतो आणि तीच बॉर्डर तुमच्याकडे दहा वर्षांपासून विणली जात असते. सही करण्याआधी आपल्या जुन्या नमुन्यांचे फोटो काढा, जुन्या बिलांशी जुळवा आणि 'परिशिष्ट ब: घेणाऱ्या पक्षाकडे पूर्वीपासून असलेली डिझाइनं' म्हणून करारालाच जोडा. नंतर हा पुरावा गोळा करणं फार कठीण जातं.

माहिती परत करण्याच्या कलमात 'सर्व प्रती नष्ट कराव्यात' एवढंच असतं. मागावर प्रती कुठे कुठे असतात ते मोजा: डिझायनरचा संगणक, इलेक्ट्रॉनिक जॅकार्डचा कंट्रोलर, पेन ड्राइव्ह, मास्टरच्या मोबाइलमधले फोटो, ड्राइव्हवरचा बॅकअप, जुन्या मागांवर पंच केलेली कार्डं. कर आणि हिशेबासाठी ठेवावी लागणारी बिलं व ऑर्डरच्या प्रती या कलमातून वगळून घ्या. आणि सेकंडचा माल! डागी टॉवेल, जास्तीचे टॉवेल स्थानिक बाजारात विकले जातात, कधीकधी खरेदीदाराच्या लोगोसकट. वाद इथूनच सुरू होतो. लेबल कापून विकता येईल का, किती दिवसांनी, लोगो विणलेला असेल तर काय करायचं, हे करारातच लिहून घ्या.

मुदतीबाबत एकच आकडा सगळ्याला लावू नका. दर आणि कॉस्टिंग दोन वर्षांत शिळं होतं. डिझाइन बाजारात येईपर्यंतच गुप्त असतं. रेसिपी 'ती सार्वजनिक होईपर्यंत' जपावी लागते. सर्वसाधारण माहितीसाठी दोन ते पाच वर्षं ही मुदत दोघांना मानवते.

नुकसानभरपाईचा मोठा आकडा पाहून घाबरू नका आणि दुर्लक्षही करू नका. करार कायद्याच्या कलम 74 नुसार लिहिलेला आकडा ही कमाल मर्यादा असते. न्यायालय त्या मर्यादेत वाजवी भरपाई देतं, पूर्ण रक्कम आपोआप मिळत नाही. पण मसुद्यात इंग्लंडचा किंवा न्यूयॉर्कचा कायदा लागू केला असेल तर हे संरक्षण गृहीत धरू नका. तुमचा खरेदीदार मुंबईचा आहे, तेव्हा भारतीय कायदाच मागा. 'कोणतेही प्रत्यक्ष वा अप्रत्यक्ष नुकसान' असं अमर्याद दायित्व असेल तर त्याला ऑर्डरच्या किमतीइतकी कमाल मर्यादा घालून मागा. कोर्टाच्या जागेबद्दल एवढं लक्षात ठेवा: ज्या न्यायालयांना मुळात अधिकार आहे त्यांपैकी एक दोघांना निवडता येतं, नसलेला अधिकार कराराने देता येत नाही. लवाद असेल तर 'लवाद खरेदीदार नेमेल' हे वाक्य काढायला लावा. एका पक्षाने एकट्याने लवाद नेमण्याची पद्धत सर्वोच्च न्यायालयाने 2019 मध्ये आणि पुन्हा 2024 मध्ये नाकारली आहे.

शेवटच्या पानांत कुठेतरी 'करार संपल्यावर तीन वर्षं अशाच प्रकारचा माल दुसऱ्या कोणासाठी बनवणार नाही' असं दडलेलं असतं. हे गोपनीयतेचं कलम नाही, धंद्यावरचं बंधन आहे, आणि करार संपल्यानंतर लागू होणारं असं बंधन करार कायद्याच्या कलम 27 मुळे सहसा टिकत नाही. तरीही काढूनच घ्या. नोटीस आली की वकील, वेळ आणि मनस्ताप तुमचाच.

हेच कलम 27 तुमच्या डिझायनरच्या बाबतीत तुमच्या विरुद्ध उभं राहतं. सर्वोच्च न्यायालयाचा 1967 चा सेंच्युरी स्पिनिंगचा निकाल समजून घ्या. कल्याणच्या टायर कॉर्ड कारखान्यातला शिफ्ट सुपरवायझर पाच वर्षांचा करार मध्येच सोडून जास्त पगारावर कोट्याच्या रेयॉन कंपनीत गेला. न्यायालयाने मनाई हुकूम कायम ठेवला, पण फक्त कराराच्या उरलेल्या मुदतीपुरता आणि टायर कॉर्डच्याच कामापुरता. नोकरी संपल्यानंतर 'दुसऱ्या टॉवेल कारखान्यात जाणार नाही' अशी अट टिकत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाच्या 1980 च्या मुरगई प्रकरणापासून पक्कं आहे. माणूस हातातलं कसब घेऊन जातो आणि ते त्याचंच असतं. फाइल, रेसिपीची वही, ग्राहकांची यादी मात्र तुमची. म्हणून करारात नोकरीवर बंदी लिहू नका, वस्तूंवर लिहा: कोणत्या फाइल्स, कोणती वही, सोडताना काय परत करायचं. नेमणूकपत्राबरोबरच सही घ्या, आणि सोडताना परत केलेल्या गोष्टींची यादी करून त्यावर सही घ्या. पगार, अपघात, छळ किंवा बेकायदा गोष्टीबद्दल तक्रार करू नये असं काही त्यात घालू नका. ते टिकणार नाहीच, उलट सगळ्या कराराबद्दल संशय निर्माण करील.

भाषेकडे दुर्लक्ष होतं. कारखान्यात घरी तेलुगू बोलणारे, कन्नड बोलणारे, उर्दू बोलणारे लोक आहेत. इंग्रजी कागदावर सही घेतली तर 'मला काय लिहिलंय ते कळलं नव्हतं' हा बचाव तयार होतो. जॉबवर्कर आणि कामगारांचा करार दीड-दोन पानी मराठीत करा. मराठी वाचता येत नसेल तर त्याच्या भाषेत वाचून दाखवा, आणि शेवटी 'मला हे तेलुगूतून वाचून सांगितले व समजले' अशी ओळ घालून वाचून दाखवणाऱ्याची साक्षीदार म्हणून सही घ्या.

नाव बरोबर लिहा. एकट्या मालकाच्या धंद्याला स्वतंत्र कायदेशीर अस्तित्व नसतं, म्हणून 'अमुक, तमुक टेक्स्टाइल्स या नावाने व्यवसाय करणारे' असं लिहायचं. भागीदारीत अधिकार असलेल्या भागीदाराची सही हवी, कंपनी असेल तर संचालकाला अधिकार देणारा ठराव. जीएसटी क्रमांक घातला की ओळखीचा वाद मिटतो.

नोंदणी लागत नाही, नोटरीही सक्तीची नाही. स्टँप मात्र लागतो. महाराष्ट्रात अशा साध्या कराराला ऑक्टोबर 2024 पासून 500 रुपयांचा. तो करारातल्या एका पक्षाच्या नावाने, सहीच्या आधी किंवा त्याच दिवशी घ्या, आणि सहा महिन्यांपेक्षा जुना वापरू नका. स्टँप नसला म्हणून करार रद्द होत नाही, पण कमी पडलेलं शुल्क व दंड भरेपर्यंत पुराव्यात वाचला जात नाही, आणि मनाई हुकमाच्या घाईत हेच आठ-पंधरा दिवस खातं. ईमेलवर किंवा आधार ई-साइनने केलेला करारही वैध असतो.

माहिती फुटलीच तर काय? आधी फोन करून भांडू नका, समोरचा पुरावे पुसून टाकतो. दुकानातून तो टॉवेल बिलासह विकत घ्या, ऑनलाइन यादीचे तारखेसह स्क्रीनशॉट घ्या, ईमेल मूळ स्वरूपात ठेवा. इलेक्ट्रॉनिक पुराव्याला भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम 63 चं प्रमाणपत्र लागतं, ते पहिल्याच अर्जाबरोबर जोडा. मग वकिलामार्फत सात दिवसांची नोटीस द्या, किंवा माल निघून जायची भीती असेल तर थेट सोलापूरच्या जिल्हा न्यायालयात तात्पुरत्या मनाई हुकमाचा अर्ज करा. वाद व्यापारी स्वरूपाचा आणि 3 लाखांवरचा असेल तर वाणिज्य न्यायालय कायदा लागतो. त्यात दाव्यापूर्वी मध्यस्थी सक्तीची आहे, पण तातडीचा हुकूम मागितला तर ती लागत नाही. पुढे उच्च न्यायालयात जायचं झालं तर ऑगस्ट 2025 पासून सोलापूरची प्रकरणं मुंबई उच्च न्यायालयाच्या कोल्हापूरच्या सर्किट बेंचकडे आहेत. करारभंगाच्या दाव्याची मुदत तीन वर्षांची असली तरी मनाई हुकूम मागायला दोन-तीन महिनेही उशीर झाला, तर 'एवढी तातडी होती तर इतके दिवस गप्प का?' हा प्रश्न येतोच. आणि अर्जात रेसिपी उघडपणे लिहू नका. ती सीलबंद पाकिटात सादर करण्याची परवानगी त्याच अर्जात मागा.